दसऱ्याचं तोरण, दिवाळीचा किल्ला, तुळशीचं लग्न: सगळं घरच्या बागेतून कसं करायचं

साताऱ्यात बहुतेकांना बागेचं वेड जूनमध्ये लागतं. पहिला पाऊस पडला की रोपवाटिकेत गर्दी होते आणि मग जुलै-ऑगस्टच्या झडीत त्यातली निम्मी रोपं कुजून जातात. माझं तर स्पष्ट मत आहे की गच्ची, बाल्कनी नाहीतर छोट्या परसासाठी आपला खरा हंगाम गणपती ते तुळशीचं लग्न हाच. ऊन परत आलेलं असतं, मातीत ओल असते, रात्री हळूहळू गार व्हायला लागतात, आणि नेमके ह्याच दिवसात ओळीनं सगळे सण येतात ज्यांना फुलं, पानं, माती, रोपं लागतात. मग लागवड वेगळी आणि सजावट वेगळी असं धरायचंच कशाला? कॅलेंडर खाली काढा, दसरा आणि लक्ष्मीपूजनावर खूण करा आणि तिथून मागं मोजत या की कुठलं बी कधी टाकायचं. मी साताऱ्याच्या हवेला धरून लिहितेय. सांगली-मिरजेकडं ऊन जास्त आणि माती काळी, भारी, तिथं काय बदलायचं ते मधे मधे सांगत जाईन.

तर आधी ही मोजणी, कारण बऱ्याच जणांचं इथंच गणित हुकतं. दरवर्षी "१५ ऑगस्टला झेंडू लावायचा" असं इंग्रजी तारखेनं ठरवलं की फसतं, कारण सण तिथीनं येतात. २०२५ ला दसरा २ ऑक्टोबरला होता, २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळं तो थेट २० ऑक्टोबरला गेला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. म्हणजे अडीच आठवड्यांचा फरक, आणि झेंडूच्या बाबतीत अडीच आठवडे म्हणजे सगळंच आलं. मोठा गोंड्याचा झेंडू बी टाकल्यापासून साधारण ६५ ते ७० दिवसांनी चांगला भरून फुलतो. २० ऑक्टोबरचा दसरा असेल तर बी १० ते १५ ऑगस्टच्या दरम्यान पडलं पाहिजे, आणि दसरा ते लक्ष्मीपूजन १९-२० दिवसांचं अंतर असतं म्हणून दिवाळीची दुसरी खेप सप्टेंबरच्या सुरुवातीला. एकाच खेपेवर दोन्ही सण काढायला जाऊ नका, दसऱ्याला तोडून झालेली झाडं दिवाळीला फुलं देतात खरी पण ती बारकी असतात, तोरणात उठून दिसत नाहीत. ज्यांना उशीर झाला त्यांनी बारक्या मखमली झेंडूचं बी टाका, तो पन्नास-साठ दिवसात येतो, नाहीतर सणाच्या चाळीस-पंचेचाळीस दिवस आधी तयार रोपं आणून लावा.

बी ट्रेमध्ये नाहीतर जुन्या आईस्क्रीमच्या डब्याला खाली भोकं पाडून त्यात टाका, पावसाच्या थेट माऱ्यात ठेवू नका, पत्र्याच्या कडेला जिथं उजेड येतो पण धार पडत नाही तिथं ठेवा. रोप चार-पाच पानांचं झालं, म्हणजे साधारण पंचवीस दिवसांचं, की दहा इंची कुंडीत एक एक लावायचं. लावताना खोड थोडं खोल गेलं तरी चालतं, झेंडू खोडाला मुळं फोडतो. रोप रुजून वाढायला लागलं की शेंडा खुडायचा. हे करताना लोकांचा हात थरथरतो, पण शेंडा खुडला नाही तर एकच दांडी उंच जाते, वर एक फूल आणि वाऱ्यात आडवी. खुडल्यावर बाजूनं फांद्या फुटतात आणि फुलांची संख्या वाढते. खुडल्यामुळं फुलं आठवडाभर पुढं जातात हे मात्र मोजणीत धरा, आणि सणाला महिना राहिला असेल तर आता खुडू नका. ऊन रोज पाच-सहा तास तरी लागतं. जास्त शेणखत, जास्त युरिया असलं काही घातलं की झाड नुसतं पानांनी माजतं आणि फुलं मागं पडतात, तेव्हा कळ्या दिसायला लागल्या की नत्र बंदच करा.

शेवंतीचं प्रकरण वेगळं आहे आणि मला ते फार आवडतं. शेवंती कळी धरते ती रात्र मोठी व्हायला लागली की. म्हणून जून-जुलैत फुटवे लावायचे, ऑगस्टच्या मध्यापर्यंत शेंडे खुडत राहायचं, मग हात लावायचा नाही, आणि ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरात झाड कळ्यांनी लदबदतं. पुष्कळ घरात शेवंती मस्त हिरवीगार वाढते, पानं तुकतुकीत, पण कळीचा पत्ता नाही, आणि मग लोक खतं बदलत बसतात. आधी रात्री नऊ वाजता जाऊन बघा की कुंडीवर उजेड पडतोय का. बाल्कनीतली ट्यूब, रस्त्यावरचा दिवा, जिन्यातला बल्ब, ह्यातलं काहीही चालू असेल तर झाडाला रात्र मोठी झालीय हे कळतच नाही. कुंडी उचलून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, जिथं दिवसा ऊन आहे पण रात्री दिवा नाही. गणपतीच्या लायटिंगच्या माळा कठड्यावर सोडताना पण एवढं बघा की शेवंतीच्या कुंड्या त्याखाली येत नाहीत. आणि कळ्या आल्यावर पाणी पानांवर मारू नका, बुडाशी घाला, नाहीतर पानांवर काळे ठिपके येऊन खालची पानं झडत जातात.

आता मातीबद्दल. चार महिने पाऊस खाल्लेल्या कुंडीत माती घट्ट बसलेली असते, वर शेवाळ, आणि खत बरंचसं वाहून गेलेलं. पाऊस उघडला म्हणून दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन बसू नका. वाफसा येऊ द्या, म्हणजे माती चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशी होऊ द्या. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे सांगायला लागत नाही, पण फ्लॅटमध्ये वाढलेल्यांसाठी सांगते: कुंडीतली चार बोटं खालची मूठभर माती घ्या, दाबून लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. फुटून भुगा झाला तर वाफसा आला. तसाच चिकटून पडला तर अजून दोन-तीन दिवस थांबा. आणि लाडू वळतच नसेल तर उशीर झालाय, आधी हलकं पाणी द्या. ओल्या चिखलात काळी माती हलवली की ती वाळून दगड होते आणि मग वर्षभर त्या कुंडीत मूळ सुखानं पसरत नाही. सांगली, मिरज, पलूस, नदीकाठच्या सगळ्या काळ्या रानात हे दुप्पट लागू. तिकडच्यांनी दोन पाट्या मातीला एक पाटी शेणखत आणि एक पाटी भाताचा तूस किंवा कोकोपीट मिसळा, वर मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. मेढा-कास बाजूच्या तांबड्या मातीत निचरा आधीच असतो, तिथं तूस कमी आणि शेणखत वाढवा. आणि ऑक्टोबरची उष्णता सुरू झाली की कुंडीच्या वर उसाच्या पाचटाचा थर द्या, बोटभर लांबीचे तुकडे करून. आपल्या भागात पाचट फुकट मिळतं, उन्हात माती तापत नाही, पाणी निम्म्यावर येतं आणि पुढं त्याचंच खत होतं. कोकोपीटचे गट्टे विकत आणून वर पसरण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं.

पावसाळ्यात पोसलेल्या गोगलगायी आणि शंख ह्या दिवसात कोवळी रोपं रातोरात फस्त करतात. संध्याकाळी ओलं पोतं कुंड्यांच्या मधे टाकून ठेवा, सकाळी उलटं करा, सगळ्या त्याखाली गोळा झालेल्या असतात, हातमोजे घालून वेचून मिठाच्या पाण्यात टाका. मीठ कुंडीत टाकू नका, माती खराब होते. माव्याला आणि पांढऱ्या पिठ्या ढेकणाला कडुनिंबाचं तेल, लिटरला ५ मिली, त्यात थोडा साबण फेसून, ऊन उतरल्यावर फवारायचं. पूजेची फुलं तोडायच्या आधी दोन-तीन दिवस फवारणी बंद.

नवरात्रात घट बसतो तेव्हा घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या हातानं करून घ्या. शेतातली काळी माती चाळून घ्यायची, त्यात शेणखत घालायचं नाही, नाहीतर बंद देवघरात बुरशी धरते आणि वास सुटतो. पत्रावळीवर नाहीतर परडीत दोन-तीन बोटं मातीचा थर, त्यावर गहू, ज्वारी, मका, हरभरा, मूग जे घरात असेल ते, वरून पातळ माती, मधे घट. धान्य रात्रभर भिजवून घेतलं तर उगवण एकसारखी होते. पाणी हातानं शिंपडायचं, ओतायचं नाही. रोपं पिवळी-पोपटी येतात ती देवघरात उजेड कमी म्हणून, काही बिघडलेलं नसतं. आणि माळेसाठी कारळ्याची पिवळी फुलं आपल्याकडं अजून मिळतात, बाजारात दिसली तर नक्की घ्या, पुढच्या वर्षी परसात चार मुठी कारळा जूनअखेर-जुलैत टाकला तर नेमका नवरात्रात फुलतो. घटात कुठलं धान्य किती उगवलं ते लक्ष देऊन बघा, जे कमी उगवलं त्याचं बी बागेत वापरू नका.

तोरणाचं आता. फुलं आदल्या दिवशी तोडू नका म्हणतात पण घाईच्या सकाळी वीस-पंचवीस फुलं तोडून ओवणं होत नाही, तर आदल्या संध्याकाळी ऊन गेल्यावर तोडा आणि ओल्या सुती कापडात गुंडाळून टोपलीत ठेवा, फ्रिजची गरज नाही. सुई फुलाच्या मधून वरून घालू नका, हिरव्या देठाकडून घाला आणि पाकळ्यांच्या मधून काढा, म्हणजे फूल फुटत नाही आणि तोंड खाली करून लटकत नाही. आंब्याची पानं देठाजवळ मधे दुमडून ओवली की सरळ राहतात. दोरा सुतीच घ्या, नाहीतर केळीचा सोप भिजवून वापरा, नायलॉनचा दोरा आणि ते चमकीचे तुकडे ह्यामुळं अख्खं तोरण पुढं खतासाठी बाद होतं. आपट्याचं म्हणाल तर पोतंभर फांद्या ओरबाडायची काहीच गरज नाही, देवापुढं आणि भेटेल त्याला द्यायला ओंजळभर पानं पुष्कळ झाली. सोसायटीला मोकळी जागा असेल तर आपट्याचं एक रोप जमिनीत लावा, काटक झाड आहे, पहिली दोन वर्षं सांभाळलं की पुढं आपलं आपण वाढतं.

ह्याच दिवसात कासला गर्दी असते. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे म्हणून नुसतं नव्हे, पण तिथलं एकसुद्धा रोप उपटून घरी आणू नका. जांभ्या दगडावरच्या वीतभर सुद्धा नसलेल्या मातीत वाढणारी ती झाडं, आपल्या शेणखताच्या कुंडीत ती जगत नाहीत. रानफुलं घरी पाहिजेतच तर तेरडा लावा, गौरीच्या वेळी फुललेला असतो, आणि त्याच्या शेंगा फुगून पिकल्या की बोट लावताच फुटतात, त्याच्या जरा आधी हाताची ओंजळ धरून बी गोळा करा.

आता दिवाळीचा किल्ला, आणि इथं मी जरा जास्त बोलणार आहे. मुलं किल्ला करतात, मावळे मांडतात, आणि हिरवळ म्हणून रंगवलेला भुसा टाकतात. त्यापेक्षा किल्ला खरोखर पेरा. गच्चीवर करत असाल तर खाली जाड प्लास्टिक अंथरा, स्लॅबमध्ये ओल मुरायला नको. विटा, दगड, फुटक्या कुंड्यांचे तुकडे रचून डोंगराचा आकार करा, त्यावर चिखलाच्या पातळ काल्यात बुचकळलेलं पोतं पांघरा आणि दाबून दाबून घड्या बसवा, त्या घड्या म्हणजेच सोंडा आणि घळी. पोतं थोडं आवळलं, साधारण दुसऱ्या दिवशी, की चाळलेली तांबडी माती बोटभर थापा. मग बी. उतारावर अळीव. अळीव अर्धा तास पाण्यात भिजवला की बुळबुळीत होतो, त्यात मूठभर बारीक माती कालवा आणि हातानं उतारावर लिंपा, तो चिकटून बसतो, कोरडं बी टाकलं तर पहिल्या पाण्यालाच सगळं पायथ्याशी वाहून येतं. माचीवर आणि सपाट जागी मोहरी भुरभुरवा, पायथ्याला शेतं दाखवायची असतील तर गहू किंवा नाचणी ओळीनं. तटबंदी आणि पायवाटा मोकळ्या सोडा, तिथं बी जाऊ देऊ नका, नाहीतर चार दिवसात वाट दिसेनाशी होते.

अळीव दोन-तीन दिवसात फुटतो आणि पाच-सहा दिवसात गालिच्यासारखा होतो, मोहरीला एखादा दिवस जास्त, गव्हाला आठवडा. म्हणजे वसुबारसेला हिरवागार पाहिजे तर त्याच्या पाच-सहा दिवस आधी पेरणी झाली पाहिजे आणि गहू त्याच्याही दोन दिवस आधी. पाणी फक्त स्प्रेच्या बाटलीनं, सकाळ-संध्याकाळ, ऊन कडक असेल तर दुपारी एकदा. मग्यानं पाणी घातलं की बुरूज गेला समजा. परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर रात्री प्लास्टिक टाकून ठेवा. आणि किल्ला कुठला करताय त्याप्रमाणं पेरा की! प्रतापगड करताय तर तट आणि बुरूज उठून दिसले पाहिजेत, तिथं हिरवळ उतारावरच ठेवा. वासोटा करताय तर तो कोयनेच्या जंगलात, पलीकडं शिवसागराचं पाणी, तिथं अळीव दाट पेरा, इतका की माती दिसता कामा नये, आणि पुढं परातीत पाणी ठेवा. अजिंक्यतारा तर मुलांना घेऊन आधी चढून या, मग करा. पणत्या कोवळ्या रोपांपासून वीतभर लांब ठेवा, आच लागून टोकं करपतात. दिवाळी झाल्यावर किल्ला फोडून माती चाळून परत कुंड्यांत घ्या, फक्त फटाक्याची राख नाहीतर रंग पडलेला थर वेगळा काढून टाका.

भाज्या थोडक्यात सांगते. मेथी सगळ्यात सोपी, रात्रभर भिजवून पसरट टबात टाका, महिन्याभरात काढायला येते, दर दहा दिवसांनी एक टब पेरला तर घरात मेथी तुटत नाही. पालक, शेपू, मुळा पण ह्याच वेळी. कोथिंबिरीला मात्र घाई करू नका, ऑक्टोबरच्या तापात ती नीट उगवत नाही, रात्री गार व्हायला लागल्या की धणे लाटण्यानं रगडून दोन फाका करा, भिजवा आणि टाका, उगवायला आठ-दहा दिवस लागतात तोवर माती उकरून बघू नका. सांगलीकडं तर दिवाळीनंतरच पेरा, किंवा वर जुनी साडी बांधून सावली करा. लसूण ऑक्टोबर मध्यापासून, पाकळीचं टोक वर ठेवून, पात तीन-चार आठवड्यात खुडता येते. वांगं लावणार असाल तर आठवडी बाजारातून कृष्णाकाठच्या वांग्याची रोपं आणा, मोठ्या बादलीत एकच रोप, आणि शेंडा मलूल होऊन मान टाकलेला दिसला की तो अळीसकट कापून नष्ट करा, वाट बघत बसलात तर तीच अळी पुढं फळात जाते. स्ट्रॉबेरीची रोपं महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूनं सप्टेंबर-ऑक्टोबरात मिळतात, लावताना मधला गड्डा मातीच्या वर राहू द्या, तो पुरला की कुजतो. साताऱ्याच्या थंडीत डिसेंबरपासून चार-चार फळं मिळतात, सांगलीच्या उन्हात मी तिचा नाद करणार नाही.

राहिली तुळस. तिचं लग्न कार्तिक द्वादशी ते पौर्णिमा, आणि तेव्हा तुळस भरघोस पाहिजे तर दसऱ्यालाच तिच्या सगळ्या मंजिऱ्या खुडा. मंजिरी पिकू दिली की झाड बी करण्यात दमतं आणि खालून उघडं पडतं. खुडल्यावर प्रत्येक ठिकाणी दोन फुटवे येतात, महिन्याभरात झाड गोल होतं. दोन-चार मंजिऱ्या ठेवा, त्या वाळवून बी जपा, कारण डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तुळस पानं टाकते आणि जुनं झाड जाऊ शकतं. रोज सगळ्यांनी तांब्याभर पाणी घालायचं बंद करा, घरातल्या एकानंच घालायचं आणि बाकीच्यांनी नुसता नमस्कार करायचा, बहुतेक तुळशी पाण्यानंच मरतात. उदबत्ती कुंडीत खोचू नका, बाजूला ठेवा. वृंदावनाला गेरू आणि चुना पुरे, ऑइल पेंट मातीच्या कुंडीला लावला की तिचा श्वास बंद होतो.

सणांचं सगळं निर्माल्य, तोरणं, घटाची रोपं, दोरा आणि कापूर-कुंकवाचे कागद काढून, भोकं पाडलेल्या बादलीत टाका, फुलांच्या एका थरावर सुक्या पानांचे दोन थर, मधे मूठभर जुनं खत किंवा माती, आठवड्यातून एकदा हलवा, दोन-अडीच महिन्यात खत तयार. तुळशीच्या मांडवाचे ऊस मात्र त्यात टाकू नका. खालचा अर्धा खाऊन टाका आणि उरलेल्या वरच्या भागातला, डोळा शाबूत असलेला तुकडा काढा, दोन डोळ्यांचं टिपरं, मोठ्या टबात आडवं ठेवून दोन बोटं माती द्या, डोळे बाजूला येतील असं. नोव्हेंबरअखेरच्या गारठ्यात कोंब यायला वेळ लागतो, तेवढ्यात पाणी वाढवू नका, नाहीतर डोळा कुजतो.